वकील मोठा की माळी

जगातला सर्वांत मोठा गोल्फ खेळाडू कोण, यावर भोपाळमधल्या आमच्या क्वार्टर्सच्या रांगेत जितका वाद झाला, तितका विलायतेत तरी झाला असेल की नाही, मला शंका आहे. वाद घालणाऱ्यांपैकी कुणी गोल्फची काठी हातात धरलेली नव्हती. तो खेळ डोळ्यांनी पाहिलेला माणूस आमच्यात एकच होता, आणि त्यानेही तो पाहिला होता हातात फायली घेऊन, उन्हात उभं राहून. ते आमचे शेजारी. मी त्यांना काका म्हणायची, त्यांच्या बायकोला काकू. सचिवालयात ते आमच्या शाखेचे सुपरिंटेंडंट होते आणि मी त्याच शाखेत टेम्पररी टायपिस्ट.

काका भित्रे होते, हे आधीच सांगून टाकते. जीपचा आवाज आला की बसल्या जागचे उठून उभे राहत, मग ती जीप मलेरियाच्या फवारणीची का असेना. कचेरीत चपराशाच्याही आधी पोचत आणि आपली खुर्ची जागेवर आहे ना, हे हात लावून बघत. कितीही साधा प्रश्न विचारा, उत्तराआधी घोटभर पाणी पीत. काकू विचारायच्या, आज वांगी करू की दोडकी, आणि काका तांब्याकडे हात न्यायचे. काकू उत्तराची वाट न बघता वांगी चिरायला घ्यायच्या.

आणि कुणी दोन गोष्टींची तुलना केली की ते डोळे बारीक करून विचारत, "वारा कुठला होता?" नागपूरची संत्री गोड की इथली, आधीची मोलकरीण बरी की आत्ताची, हा मुलगा हुशार की तो, सगळ्याला तेच. एकदा माझ्या मामांनी सांगितलं की त्यांच्या भाच्याला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, गणितात शेजारच्यापेक्षा कमी गुण पडले. काका म्हणाले, पेपर एकच होता का, मास्तर एकच होते का, वारा कुठला होता? मामा म्हणाले, वारा नव्हताच, एप्रिल महिना होता, अभ्यासही नव्हता.

हा वारा त्यांनी एका इंग्रजाकडून उचलला होता. स्वातंत्र्याच्या आधी नागपुरात ते एका साहेबाच्या कचेरीत कारकून होते. साहेब संध्याकाळी गोल्फ खेळायचा, आणि तातडीच्या कागदांवर सह्या मैदानावरच करायचा. काका छत्री आणि फायली घेऊन त्याच्या मागे हिंडायचे. दोन फटक्यांच्या मधे साहेबाला बोलायला कुणीतरी लागायचं, ते काका. एक विलायती खेळाडू मोठा की एक अमेरिकन, हा साहेबाचा आवडता प्रश्न. दोघं कधी एका मैदानावर, एका वयात, एका वाऱ्यात खेळलेच नाहीत, मग ठरवायचं कसं? बरीच वर्षं काकांनी ते ऐकलं. मग देश स्वतंत्र झाला, साहेब बोटीत बसून गेला आणि वाद काकांकडे राहिला.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा जीव नुसता जळला. माझे वडील नागपुरात एका छापखान्यात कंपोझिटर आहेत. मी अक्षरं शिकले ती गिरणी कामगारांच्या पत्रकांवर, आणि सोळाव्या वर्षापासून तसली पत्रकं स्वतः लिहायला लागले. मी काकांना तोंडावर म्हटलं की स्वातंत्र्य मिळालं तरी आपण अजून साहेबाच्या चेंडूमागेच पळतो आहोत. काका पाणी प्यायले. मग म्हणाले, "चेंडू तो घेऊन गेला, बेटा. वाद आता आपला आहे."

नवं राज्य झालं तेव्हा आम्ही भोपाळला आलो. आलो म्हणजे पाठवले गेलो. नागपूर एका राज्यात गेलं आणि नागपूरच्या सचिवालयातले आम्ही दुसऱ्यात. वडील तिकडे राहिले, मी मामा-मामींबरोबर इकडे. नव्या राजधानीत घरं अर्धवट होती, नळ होते पण त्यांना पाणी नव्हतं, आणि टेकडीवरच्या आमच्या रांगेत नागपूर, ग्वाल्हेर, रीवा आणि जुन्या भोपाळ संस्थानातले कारकून शेजारी शेजारी येऊन पडले होते. कुणाला कुणाचा भरवसा नव्हता. कोण कुठे काय बोलतो याची खबर वर जाते, असं सगळे मानत. शाखेतला एक जण चहाच्या टपरीवर भाषा आणि सीमा यांवर दोन वाक्यं बोलला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला वर बोलावून समज मिळाली. सरकारी नोकराने राजकारण बोलायचं नाही. मी टेम्पररी होते, माझी पोलीस चौकशी अजून यायची होती, आणि नागपुरात माझी पत्रकं अजून कुठल्या ना कुठल्या भिंतीवर असणारच. मामी रोज देवापुढे दिवा लावताना माझ्या चौकशीचं नाव घ्यायच्या.

त्या समजेनंतरच्या रविवारी काकांनी जुन्या शहरातून बैलगाडीत घालून एक लांब दगडी फरशी आणली. भोपाळात दुकानांपुढे अशा फरशा टाकलेल्या असतात, त्यांना पटिये म्हणतात. संध्याकाळी माणसं त्यांवर बसून जगाचे निकाल लावतात. काकांनी आपल्या दारापुढे दोन विटांवर तो पटिया टाकला आणि रांगेतल्या पुरुषांना सांगितलं की रोज या, बसा, हवं तेवढं भांडा, पण इथे विषय एकच. गोल्फ.

लोक आधी हसले, मग यायला लागले. माणसाला दिवसभर गप्प बसवलं की संध्याकाळी त्याला कशावर तरी भांडावंसं वाटतंच.

काकांनी त्या दोन खेळाडूंची विलायती नावं टाकून दिली, कारण ती कुणाच्या जिभेवर बसेनात. एक होता माळ्याचा मुलगा, त्याला सगळे माळी म्हणत. तो पोटासाठी खेळायचा. वर्षानुवर्षं जिंकत राहिला, मधेच क्षयाने अंथरुणाला खिळला, हात थरथरू लागला, तरी परत येऊन जिंकला. दुसरा वकील. तो पोटासाठी कधीच खेळला नाही. एका वर्षात त्याने त्या वेळच्या सगळ्या मोठ्या स्पर्धा मारल्या आणि तिशीच्या आत खेळ सोडून घरी बसला. मोठा कोण, एवढाच प्रश्न. नियमही एकच होता. काल तुम्ही माळ्याच्या बाजूने बोलला असाल तर आज वकिलाच्या बाजूने बोलायचं. काका न्यायाधीश. ते स्वतः कधी बाजू घेत नसत. कुणी त्यांचं मत विचारलं की तांब्या जवळ असायचाच.

मामांना हा खेळ शेवटपर्यंत कळला नाही. ज्याचे फटके कमी तो जिंकतो, हे ऐकून ते म्हणाले, मग काही न करणारा सर्वांत मोठा, म्हणजे आपल्या खात्यात सगळेच चँपियन. यावर पटिया हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने हसले ग्वाल्हेरवाले.

हे ग्वाल्हेरवाले रांगेच्या टोकाला राहायचे. तेही मराठीच, पण पिढ्यान् पिढ्या तिकडचे. मराठी बोलता बोलता मधेच "बिलकुल" आणि "हमारे यहाँ" म्हणत, आणि बोलण्यात दरबारी आदब. काकांना ते काकासाहेब म्हणायचे. वयाने काकांपेक्षा पुष्कळ लहान, पण तेही सुपरिंटेंडंट. आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

नवं राज्य चार तुकडे जोडून केलेलं होतं. प्रत्येक तुकड्यातले कारकून आपापल्या बढत्या घेऊन आले होते, आणि आता सगळ्यांची मिळून एक ज्येष्ठता ठरायची होती. आमच्या शाखेत सुपरिंटेंडंट दोन झाले होते, खुर्ची एक राहणार होती. काका नोकरीला आधी लागलेले, पण सुपरिंटेंडंट उशिरा झालेले. ग्वाल्हेरवाले मागून आलेले, पण त्यांच्याकडे लवकर वर चढलेले. एकूण नोकरी धरली तर काका वर, पदावर चढल्याची तारीख धरली तर ग्वाल्हेरवाले. जो खाली जाईल त्याला दुसऱ्याच्या हाताखाली हेड असिस्टंट व्हावं लागणार होतं, आणि हे क्वार्टर सोडून नाल्यापलीकडच्या खालच्या वर्गाच्या क्वार्टरमधे जावं लागणार होतं. काकांचं रिटायरमेंट दोन पावसाळ्यांवर आलेलं. त्या वयात माणसाने आपल्या जुन्या हाताखालच्यांसमोर खाली उतरायचं.

निकाल देणार होते एक उपसचिव. प्रत्येकाला बोलावून म्हणणं ऐकणार होते. तारखा पुढे ढकलल्या जात होत्या. सगळी रांग आजारी माणसाच्या घरासारखी झाली. काकांचं पाणी वाढलं. खुर्चीला हात लावणं आता दिवसातून कितीदा तरी व्हायला लागलं.

आणि पटिया चालूच होता. फक्त आता माळी आणि वकील हे शब्द निघाले की सगळ्यांच्या माना खाली जायच्या. आधी लागून शेवटपर्यंत टिकला तो मोठा, की लवकर चढला तो मोठा? काकांसमोर बसून ग्वाल्हेरवाले एक दिवस वकिलाच्या बाजूने बोलत आणि दुसऱ्या दिवशी माळ्याच्या, आणि दोन्ही दिवशी त्यांचा आवाज बसलेला असे. मी ओट्यावर तांदूळ निवडत ऐकायची. माझ्या डोक्यात पत्रक तयार होतं. जो घाम गाळतो त्याला वर बसवा, असं त्याचं पहिलं वाक्य. काकांना मी म्हटलं, मी लिहिते, तुम्ही फक्त हो म्हणा, नागपुरात छापून आणते. ते घाबरून म्हणाले की छापलेलं परत घेता येत नाही. मामा म्हणाले, हिची नोकरी जाईल आणि आपली सगळ्यांची चौकशी होईल. मी वाक्यं मनात जुळवतच राहिले.

उपसचिव साहेब गोल्फ खेळायचे. हे आम्हाला उशिरा कळलं. टेकडीपलीकडे लष्कराचं एक कोरडं मैदान होतं. तिथे हिरवळीऐवजी तेल शिंपडून दाबलेली वाळू असे, आणि साहेब रविवारी सकाळी तिथे जात. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार की क्वार्टर्समधले बाबू रोज गोल्फवर भांडतात. सुनावणीच्या आधीच्या शनिवारी, ऊन उतरताना, ते कुत्र्याला फिरवत सरळ आमच्या रांगेत आले आणि पटियासमोर थांबले.

सगळे ताडकन उभे राहिले. साहेब हसून म्हणाले, "बैठिए, बैठिए. मैं तो बहस सुनने आया हूँ." आणि फरशीच्या कडेला बसले. कुत्रं त्यांच्या पायाशी बसलं.

त्या दिवशी पाळीप्रमाणे माळ्याची बाजू ग्वाल्हेरवाल्यांकडे होती आणि वकिलाची मामांकडे. हे लक्षात आल्यावर माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. ज्याच्या हातात निकाल होता त्याच्यासमोर ग्वाल्हेरवाल्यांना सांगायचं होतं की जुना, टिकलेला माणूसच मोठा. म्हणजे काकांची केस त्यांनी लढायची. आणि मामांनी वकिलाची बाजू घेतली तर ते काकांना बुडवणार. मामांनी दोनदा तोंड उघडलं. मग दूध आणायला जायचंय असं पुटपुटून, भांडं न घेताच, ते निघून गेले.

ग्वाल्हेरवाले काकांकडे बघत म्हणाले, "काकासाहेब, आज मला माफी असावी. गळा बसलाय." साहेबांनी हात हलवला. "अरे नहीं भई, शुरू कीजिए."

काका न्यायाधीश खरे, पण पाळी मोडायची म्हटलं असतं तरी साहेबांना कारण सांगावं लागलं असतं.

ग्वाल्हेरवाले उठले. आधी अडखळले. मग मात्र, हे त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे, त्यांनी माळ्याची बाजू अंग चोरून मांडली नाही. थरथरणाऱ्या हाताने जवळचा चेंडू हुकतो, तेव्हा तो माणूस काय सोसत असेल, असं त्यांनी विचारलं. एक वर्ष चमकणं कुणालाही जमेल, पण आजारातून उठून परत त्याच मैदानावर उभं राहणारा कुठून आणाल? बोलता बोलता त्यांचे डोळे काकांवर जाऊन थांबले आणि तिथून हलेनात. मी मनात म्हटलं, झालं. जिंकलो. आता काकांनी फक्त बसून राहायचं.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "बस? दूसरी तरफ़ से कोई नहीं?"

काका उठले. तांब्या त्यांच्या पायाशी होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "साहब, मैं बोलूँगा."

मी त्यांना कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. हिंदीत बोलत होते, मधेच मराठीत घसरत होते. ते म्हणाले, जो लवकर पोचला त्याला लवकर पोचल्याची शिक्षा कशाची? तो कुणाच्या डोक्यावर पाय देऊन गेला का? त्या दिवशी समोर जे मैदान होतं त्यावर तो खेळला आणि जिंकला, ते आता मागून खोडायचा अधिकार कुणाला? उशिरा पोचणारा थकलेला असतो, त्याची कीव करा, पण थकव्याला मोठेपणा म्हणू नका. नुसतं टिकण्याला मोठेपणा म्हटलं तर आमच्या शाखेतलं लोखंडी कपाट आम्हा सगळ्यांहून मोठं. कुत्र्याने मान वर केली. साहेब मोठ्याने हसले. ग्वाल्हेरवाल्यांनी मान खाली घातली होती, ती वर केली नाही.

"बहुत ख़ूब," साहेब म्हणाले. "मैं भी वकील का ही आदमी हूँ." पट्टा ओढून ते निघून गेले.

त्यांना त्या बोलण्यातली दुसरी गोष्ट कळली होती का, हे आम्हाला कधीच कळलं नाही. मामांच्या मते त्यांना सगळं कळलं. ग्वाल्हेरवाल्यांच्या मते त्यांनी फक्त गोल्फ ऐकला. मी घरात जाऊन भाकरीचं पीठ इतक्या जोरात मळलं की मामींनी परात माझ्या हातून काढून घेतली.

सुनावणीला काका आधी आत गेले आणि लगेच बाहेर आले. बाकावर बसलेल्या ग्वाल्हेरवाल्यांना दारातून सगळं ऐकू आलं. साहेबांनी विचारलं, आपलं म्हणणं? काका म्हणाले, काही नाही. एकूण नोकरीचा मुद्दा मांडायचाय का? नाही. बस. ग्वाल्हेरवाल्यांनी हे घरी सांगितलं, त्यांच्या बायकोने काकूंना सांगितलं. काकांनी घरी काहीच सांगितलं नव्हतं.

आदेश आला. काका हेड असिस्टंट झाले. पहिल्या दिवशी नवे सुपरिंटेंडंट खुर्चीच्या अगदी कडेला बसले आणि प्रत्येक फाइल स्वतः उठून काकांच्या टेबलावर नेऊन ठेवू लागले. चपराशी गोंधळून मधे उभा. काका प्रत्येक वेळी उठून उभे राहत, म्हणून दिवसभर दोघं उठत-बसतच राहिले.

घर सोडायचा रविवार आला. हातगाडीवर सामान लादलं होतं. पुढे हातगाडीवाला, मागे काका गाडीला हात लावून, त्यांच्यामागे हातात शेगडी घेतलेल्या काकू, आणि लोणच्याची बरणी घेऊन मी. नाल्याच्या पुलापाशी मला राहवेना. मी विचारलं की आत गेल्यावर तुम्ही गप्प का राहिलात, घाबरलात का?

काका चालता चालता म्हणाले, "नाही गं. त्या शनिवारी बोलता बोलता मला पटलं. खुर्चीवर हक्क ग्वाल्हेरवाल्यांचाच. मी बाजू घेत नव्हतो ना, ते त्याचसाठी. बाजू घेतली की मला पटायला लागतं. मग त्या खोलीत जाऊन, मला न पटलेलं कसं बोलणार?"

मला त्यांचा राग आला होता, आणि त्या क्षणी त्यांच्या पायाला हात लावावासाही वाटला. माझ्या एकाही पत्रकात मी कधी स्वतःच्या विरुद्ध एक ओळ लिहिली नव्हती.

मागे काकू थांबल्या. शेगडी त्यांनी पुलाच्या कठड्यावर ठेवली.

"तुम्हाला पटलं," त्या म्हणाल्या. "मला नाही पटलं."

काकाही थांबले. हातगाडीवाल्याने मागे वळून पाहिलं.

"नागपूरचं घर सोडताना म्हणालात, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. माझी आई तिकडे अंथरुणावर होती, तरी मी आले. इथे पाणी नव्हतं, मी खालून घागरी आणल्या. मागे तट्ट्या बांधून न्हाणी केली, ती मी. अंगणातला मुरूम खणून माती टाकली, ती मी. आणि तुम्ही खोलीत जाऊन 'काही नाही' म्हणून आलात, ते मला शेजारणीकडून कळलं. माळ्याच्या बाजूने ग्वाल्हेरवाले बोलले. वकिलाच्या बाजूने तुम्ही बोललात. माझ्या बाजूने त्या दिवशी कोण होतं?"

काका माझ्याकडे पाहायला लागले. माझ्याकडे कामगारांसाठी वाक्यं होती, कारकुनांसाठी वाक्यं होती. काकूंसाठी मी एकही तयार केलेलं नव्हतं.

काकांनी एक दगड उचलून गाडीच्या चाकाखाली लावला. मग कठड्यावर बसले आणि शेजारची जागा उपरण्याने झटकली. "बस इथे," ते म्हणाले. "आणि सगळं सांग. मी मधे बोलणार नाही."

काकू बसल्या. त्यांनी आईच्या आजारापासून सुरुवात केली. काका मधे खरंच बोलले नाहीत. हातगाडीवाला आधी कुरकुरला, मग गाडीच्या सावलीत टेकून तोही ऐकू लागला. मी बरणी मांडीवर घेऊन खाली धुळीत बसले. काकूंचं सांगून संपलं तेव्हा टेकडीवरच्या घरांत दिवे लागले होते, आणि नाल्यापलीकडच्या घराचं कुलूप अजून उघडायचं होतं.